तलावाच्या पाळीवर वाढदिवस: पाखरावेड्या लेकरांच्या आईबापांसाठी

धाकटीचा चौथा वाढदिवस आम्ही तालुक्याच्या गावी हॉल घेऊन केला होता. फुगे, कागदी टोप्या, क्रीमचा केक, कानठळ्या बसवणारा साउंड. केक कापायची वेळ झाली तर उत्सवमूर्तीच गायब. शोधाशोध केली तेव्हा टेबलाखाली सापडली. मुंग्या केकचा चुरा कुठे नेताहेत ते बघत नव्या फ्रॉकसकट पालथी पडली होती. त्या दिवसाच्या एकाही फोटोत तिचं तोंड धड दिसत नाही.

त्यानंतरचे तीन वाढदिवस आम्ही उघड्यावर केले. पहिला साफ फसला, दुसरा बरा झाला. तिसरा असा जमला की शेजारपाजारच्या बाया विचारू लागल्या, "काय काय केलं जी, सांगा ना." एकेकीला तोंडी सांगून दमले, म्हणून हे लिहून काढलं.

आम्ही भंडारा जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात राहतो. गावाला तलाव आहे, दोन बोड्या (शेतातली छोटी तळी) आहेत, आणि हाकेच्या अंतरावर जंगल. तुम्ही कपाशी-सोयाबीनच्या भागातले असाल तर तलावाच्या जागी नाला नाहीतर वावराचा धुरा, म्हणजे बांध, धरा. बाकी बेत तोच.

१. लेकराला नेमकं काय आवडतं ते आठवडाभर बघा

"आमच्या पोराला निसर्ग आवडतो" एवढ्यावर बेत करू नका. एखाद्याला फक्त किडे आवडतात. एखाद्याला दगड. एखादं दिवसभर पाण्यात काडी सोडून बसतं आणि पाखरांकडे ढुंकूनही बघत नाही. आठवडाभर फक्त लक्ष ठेवा: शाळेतून येताना कुठे रेंगाळतं, खिशातून काय निघतं, कशाबद्दल दहादा विचारतं. बेत त्यावरून ठरवा.

आमचा पहिला प्रयत्न इथेच फसला. नागझिरा जवळ, पलीकडे उमरेड-कऱ्हांडला, पेंच, ताडोबा. एवढं सगळं हाताशी असल्यावर आम्हाला वाटलं, सफारीसारखी दुसरी भेट नाही. पहाटे साडेचारला उठवलं. नोव्हेंबरची थंडी, उघडी जिप्सी, दात वाजताहेत. तिला वाटेतला शेणाचा गोळा ढकलणारा किडा बघायचा होता आणि गाडीतून उतरायची परवानगी नव्हती. (नियम बरोबरच आहे. चूक आमची.) दोन तासांनी लांब झुडपात पिवळं काहीतरी हललं, मोठी माणसं सीटवर उभी राहिली, आणि ही माझ्या मांडीवर गाढ झोपलेली.

तरी सफारीच करायची असेल तर मूल आठ-नऊ वर्षांचं होऊ द्या. बुकिंग ऑनलाइन आणि बरंच आधी करावं लागतं. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं, झेरॉक्सवर भागत नाही. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. सफारीपुरतं एवढं पुरे.

२. महिना कोणता, त्यावर बेत

तारीख काही आपल्या हातात नसते, पण त्या महिन्यात रानात काय चालू आहे ते बघता येतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे लॉटरी. तलावांवर बाहेरची बदकं उतरलेली असतात, ऊन सोसवतं, गवत वाळत आलेलं असतं. आमच्या धाकटीचा वाढदिवस तर नेमका पक्षी सप्ताहात येतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन वाढदिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. हे तिला सांगितल्यापासून ती सगळ्यांना ऐकवते की माझ्या वाढदिवसाला सरकारच पाखरं बघायला सांगते.

अडचण एकच. नोव्हेंबरात धानाची कापणी असते, कोणाच्याही आईबापाला सवड नसते. त्यामुळे आम्ही सकाळी सहा ते दहा एवढीच वेळ धरतो. दहानंतर ज्याला बांधीत (धानाच्या वावरात) जायचं तो मोकळा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असतो. एका पळसाखाली अर्धा तास बसलात तरी मैना, सूर्यपक्षी, खारी, माकडं सगळ्यांची हजेरी लागते. मार्च-एप्रिलला मोहफूल. ते पहाटे गळतं, म्हणून लवकर जा. पण फुलं नीट वेचता यावीत म्हणून कोणी कोणी झाडाखालचा पाला पेटवतात, आणि फुलांना अस्वलही येतं, तेव्हा गावातलं जाणतं माणूस सोबत असल्याशिवाय जंगलातल्या मोहाखाली जाऊ नका. गावठाणातला मोह बरा.

एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत सकाळी साडेआठच्या आत सगळं आटोपायचं. पारा पंचेचाळीसला टेकतो तिथे लेकरांचे हाल करण्यात अर्थ नाही. तेंदूची फळं आणि चारोळी याच दिवसांत पिकतात, तेवढी घरी आणून खाऊ घाला.

पावसाळ्यातला वाढदिवस सर्वांत अवघड आणि लेकरांना सर्वांत प्यारा. चिखल, बेडूक, मृगाचे लाल मखमली किडे. ढग गडगडले की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात यायचं. उंच गवतात बसायचं नाही. स्क्रब टायफसचा ताप गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो, आणि २०१८ मध्ये नागपूर-विदर्भात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. कपाशीच्या वावरात जायचं असेल तर शेवटची फवारणी कधी झाली ते मालकाला स्पष्ट विचारा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. तिथे फुलपाखरामागे लेकरू सोडू नये.

कार्तिकात वाढदिवस येत असेल तर आणखी एक सोय आहे. आवळी भोजनाची पद्धत आपल्याकडे आहेच. आवळ्याखाली बसून जेवायचं म्हटलं की आजीही खूश आणि नातही. "वाढदिवस कुठं रानात करतेत का?" हा सासरचा प्रश्न मी याच उत्तराने मिटवला.

३. जागा ठरवा आणि विचारा

जागा एकच ठेवा. आम्ही दुसऱ्या वर्षी तलाव, मग बोडी, मग देऊळ असा फिरता कार्यक्रम केला आणि सगळा वेळ चपला शोधण्यात गेला.

चांगली जागा म्हणजे: मोठ्या झाडाची सावली, घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, ट्रॅक्टर-मोटारसायकलची वाट नाही, आणि मोठ्यांना बसून सगळी लेकरं एका नजरेत दिसतील अशी. आम्ही तलावाच्या पाळीवर मारुतीच्या देवळाचा ओटा निवडला. आमच्या भागातले हे तलाव मालगुजारी (जमीनदारी) काळातले, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. पाळीवर आंबे, मोह, चिंचा पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत. मंडप भाड्याने घ्यायची गरजच पडत नाही.

परवानगी कागदावर लागत नाही, पण तोंडी विचारणं टाळू नका. कोणाकोणाला विचाराल:

- वावर किंवा बांधीचा मालक. धान कापून पडलेलं असेल तर कडपांवरून लेकरं धावणार नाहीत हे आधीच कबूल करा.
- तलाव मासेमारी संस्थेकडे असेल तर ढीवर बांधव. जाळी कुठे टाकली, शिंगाड्याचे वेल कुठे आहेत, चिखल कुठे खोल आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.
- जंगल लागून असेल तर तुमच्या बीटचे वनरक्षक. सध्या वाघ-बिबट कोणत्या बाजूला फिरतो हे त्यांना विचारल्याशिवाय दिवस ठरवू नका.

आम्हाला तलावावरच्या एका ढीवर काकांनी एका वाक्यात सगळं शिकवलं. "बाई, पाखरं पाहाची असन तं सहाले या. आठ वाजता मी डोंगा काढतो, मंग सारे उडते." त्यांना आम्ही पाहुणा म्हणून बोलावलं. दुर्बीण नाही, पुस्तक नाही, पण पाण्यातल्या ठिपक्याकडे बघून नाव सांगायचे. नावं त्यांची स्वतःची असतात, ती वेगळी लिहून ठेवा.

४. पाहुणे: हात राखून

सात-आठ लेकरं, फार तर दहा. दर तीन लेकरांमागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. पाणी जवळ असेल तर एका माणसाने पाण्याकडे पाठ न करता फक्त तेवढंच काम करायचं. आमच्याकडे हे काम मामंजींनी घेतलं. हातात काठी, तोंडात पान, आणि पाळीच्या उतारावर खुर्ची टाकून बसले. एकही पोट्टं त्यांच्या पुढे गेलं नाही.

गावात वाढदिवस म्हटलं की अख्खी आळी येते, कोणाला नाही म्हणायचं हा प्रश्न असतोच. मी संध्याकाळी घरी चहा-चिवडा ठेवला आणि आळीला तेव्हा बोलावलं. सकाळचं फक्त लेकरांचं. एक-दोघी रुसल्या. चिवडा खाऊन रुसवा गेला.

५. सोबत काय घ्यायचं

- प्यायचं पाणी, घरचंच. माठ नेलात तर ओगराळं विसरू नका.
- दोन सतरंज्या, जुनी ताडपत्री.
- प्रत्येक लेकराला भिंग. स्टेशनरीच्या दुकानात प्लास्टिकचं मिळतं, तेवढं पुरतं. उन्हात भिंगाने पाला पेटवायचा खेळ सुरू झाला की भिंग जप्त, हे आधीच सांगा.
- सुतळीचा गुंडा आणि कात्री.
- कोऱ्या वह्या, पेन्सिली. पेन नको, दवात भिजतो.
- प्रथमोपचाराचा डबा: जखमेचं औषध, पट्टी, चिमटा, ओआरएसची पाकिटं.
- एका कागदावर सगळ्या आईबापांचे फोन नंबर, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर. रुग्णवाहिकेसाठी १०८, जंगली जनावराबद्दल कळवायचं तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. कागदच ठेवा, कारण तलावावर नेटवर्क एका दगडावर उभं राहिल्यावरच येतं.
- कचऱ्यासाठी रिकामं पोतं.

दुर्बीण असेल तर छान, पण त्यासाठी खर्च करू नका. सहा वर्षांच्या लेकराच्या डोळ्यांतलं अंतर मोठ्यांच्या दुर्बिणीला बसत नाही. ते एका डोळ्याने बघतं, नाहीतर उलटीकडून. घ्यायचीच तर ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) च्या आसपासची घ्या, दहा पटीची हातात थरथरते. आम्ही बांगड्यांच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या नळ्या आणून दोन-दोन जोडल्या. त्यातून मोठं काहीच दिसत नाही, पण नजर एका जागी ठरते आणि प्रत्येकाला "माझी दुर्बीण" मिळते. भांडणं थांबली.

फोनवर पाखरू ओळखणारं मर्लिन हे ॲप फुकट आहे. भारताचं पॅक घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या, मग ते नेटशिवाय चालतं. मात्र त्यातले आवाज वाजवून पाखरांना बोलावू नका. बिचारं समोर दुसरा आला समजून खाणंपिणं सोडून भांडायला येतं.

६. खाणं

रानात चूल मांडायची हौस सगळ्यांना असते. जंगलाच्या हद्दीत विस्तव पेटवणं हा गुन्हा आहे, आणि नोव्हेंबरात तर गावातही नको. बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे रचलेले असतात, एक ठिणगी म्हणजे एका घराचं वर्ष. म्हणून दिवाळीचे उरलेले फटाकेही "वाढदिवस आहे ना" म्हणून कोणी काढले तर सरळ खिशातून काढून घ्या. मी दोघा मोठ्या पोरांचे घेतले होते.

खायला घरून करून न्या. आमचा बेत: उकडलेले शिंगाडे, गुळाचे गुलगुले, कांदा-सांबार (कोथिंबीर) घातलेले पोहे, पेरू. शिंगाडे त्याच तलावातले, आदल्या दिवशी काकांकडून घेतलेले. काळं टरफल दाताने फोडायचं की बत्त्याने यावर लेकरांचा अर्धा तास गेला. वेल पाण्यावर तरंगतो आणि फळ पाण्याखाली लागतं हे काकांनी वेल उचलून दाखवलं, तेव्हा आमच्या मोठ्या माणसांपैकीही दोघांना ते नवीन होतं.

केक? लेकरू मागतंच. कितीही पाखरावेडं असलं तरी मागतं. मी कुकरमध्ये रव्याचा केला आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नेला. क्रीम उन्हात पाझरतं आणि मुंग्यांना बातमी लागते. मेणबत्त्यांऐवजी दिवाळीच्या उरलेल्या पणत्या घेतल्या, जितकं वय तितक्या. देवळाच्या ओट्यावर, वारा नसलेल्या कोपऱ्यात लावून आजीने ओवाळलं. फुंकून विझवायचं नाही म्हटल्यावर एक पाहुणा नाराज झाला. त्याला गुलगुला दिला.

ताटांसाठी पत्रावळी. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी आठवडी बाजारात कोणीतरी हळूच काढून देतो, घेऊ नका. पळसाची पानं आदल्या दिवशी लेकरांकडूनच आणवा. "पळसाला पाने तीनच" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण खरंच प्रत्येक देठावर तीनच आहेत का हे मोजायला आमची टोळी अख्खं झाड हिंडली. एकीने चार पानांचा देठ आणून दाखवला. नीट बघितलं तर एक पान थुंकी लावून चिकटवलेलं.

नोव्हेंबरात पान जुनं आणि जाड झालेलं असतं, त्यामुळे टोचताना फाटतं. पानं दोन्ही बाजूंनी धुऊन रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी नरम होतात. मधोमध एक मोठं पान, भोवती चार-पाच पानं एकमेकांवर दोन बोटं चढवून, आणि बांबूच्या बारीक काडीने टाका: वरून आत, खालून बाहेर, उरलेली काडी मोडून टाकायची. लहानांना एका पानाचा द्रोण करायला द्या, तो पाच मिनिटांत जमतो. जेवण झाल्यावर पत्रावळीतल्या काड्या काढून मगच गुराढोरांपुढे टाका.

७. खेळ: तीन पुरे

पहिला अर्धा तास काही करायचं नाही. पाळीवर बसायचं, पुठ्ठ्याच्या नळीतून बघायचं, कुजबुजत बोलायचं. आम्हाला कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी दिसला, एवढाल्या लांब बोटांचा. त्याच्यात अंडी बाबा उबवतो हे सांगितल्यावर सगळ्यांनी आपापल्या बाबांकडे बघितलं. मग चोच मिटूनही मधे फट राहणारा उघड्या चोचीचा करकोचा. ती चोच गोगलगाय धरायच्या कामाची, हे काकांनी चिमट्यासारखी दोन बोटं करून समजावलं. वारकरी, पाणकोंबडी, खंड्या हे तर नेहमीचे. नाव चुकलं तर चुकू द्या. तपासायचं ते घरी.

दुसरा खेळ सुतळीचा. प्रत्येक लेकराला हातभर सुतळी द्यायची, तिचं गोल कडं जमिनीवर टाकायचं आणि त्या कड्याच्या आत काय काय आहे ते भिंगाने बघून वहीत काढायचं. पंधरा मिनिटं ठरवली होती, पाऊण तास झाला. कोणाच्या कड्यात लाल मुंग्यांची रांग, कोणाच्यात शेळीच्या लेंड्या, कोणाच्यात दवाने ओलं जाळं. धाकटीने तिचं कडं ओट्याखालच्या कोरड्या भुसभुशीत मातीत टाकलं. तिथे नरसाळ्यासारखे इवले इवले खड्डे होते. एक मुंगी काठावरून घसरली. वर चढायला लागली की तळातून कोणीतरी माती उडवायचं आणि ती पुन्हा खाली. मग दोन चिमटे वर आले, मुंगी गेली आणि खड्डा पुन्हा गुळगुळीत. आठही डोकी त्या एका खड्ड्यावर आदळली. एक म्हणाला मुंगीला काडीने वाचवू. धाकटी म्हणाली, "नको, तो पण उपाशी असन ना." यावर वाद झाला. मी मधे पडले नाही. तुम्हीही पडू नका.

तिसरा, पानं ओळखायचा. आधीच दहा झाडांची एकेक पानं पिशवीत भरून ठेवा. लेकरू पान काढेल आणि पळत जाऊन त्याच झाडाला हात लावून येईल. साग, मोह, चिंच, कडुनिंब, आंबा सोपे. ऐन आणि बेहडा गोंधळात टाकतात, मोठ्यांनाही.

बक्षिसं ठेवू नका. बक्षीस लागलं की बघणं संपतं आणि रडारड सुरू होते. दुसऱ्या वर्षीचा अनुभव.

सुगरणीचे खोपे दिसले तर खाली पडलेलेच उचलायचे. लटकलेला रिकामा वाटला तरी तोडायचा नाही.

८. घात करणाऱ्या गोष्टी

हा भाग घाईत वाचू नका. आदल्या दिवशी सकाळी एकट्याने जागेवर जाऊन हे सगळं तपासून या.

चंद्रज्योत. धुऱ्यावर कुंपणाला लावलेली असते. बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं, एकाने खाल्लं की सगळे खातात, आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. आपल्याकडे अशी विषबाधा शाळेच्या पोरांना वारंवार होते. झाड दाखवून नाव सांगा, आणि "माझ्या हातातून मिळेल तेच तोंडात" हा दिवसभराचा नियम करा. लाल-काळ्या गुंजाही तशाच, चावून फोडलेली गुंज फार विषारी. धोतरा आणि एरंडीचं बी, तेही.

खाजकुयली. हिवाळ्यात शेंगा मखमली सोनेरी दिसतात आणि हात लावावासा वाटतोच. दुसऱ्या वर्षी माझ्या भाच्याने दोन शेंगा "मांजरीचं शेपूट" म्हणून गालाला घासल्या. चोळू नका, पाण्यानेही लगेच घासू नका. आमच्याकडे ओलं शेण लावून वाळल्यावर काढलं. चिकटपट्टीने कुसं उचलून घेतली तरी चालतं. रडणं मात्र अर्धा तास चाललं.

मोहोळ. सतरंजी अंथरायच्या आधी मान वर करून झाड नीट बघा. आग्यामोहोळ असेल तर जागा बदला, चर्चा नको.

साप. दगडांच्या ढिगात, कडपांखाली, तणसात हात घालायचा नाही, काहीही उचलायचं ते आधी काठीने हलवून. कापणीच्या दिवसांत परड, म्हणजे घोणस, उंदरांमागे बांध्यांमध्ये येतं. पायात चपला नको, बूट हवेत. दुर्दैवाने चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. पाय हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा, लेकराला चालवू नका, आणि प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात थेट न्या. मांत्रिकाकडे वाट वाकडी करायची नाही. कोणत्या दवाखान्यात प्रतिविष असतं ते आधीच विचारून त्या कागदावर लिहून ठेवा.

वाघ-बिबट. आमच्या पट्ट्यात ही कल्पना नाही, रोजचं आहे. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दिवेलागणीपर्यंत थांबायचं नाही. काकांचे "सहा" म्हणजे आम्ही नीट दिसू लागल्यावर धरले. लघवीला एकटं लेकरू झुडपामागे पाठवू नका. वाकलेलं, बसलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही. देवळामागची मोकळी जागा ठरवून द्या, आणि सोबत मोठं माणूस.

९. झाड लावायचं, पण त्या दिवशी नाही

वाढदिवसाला झाड लावायचंच असं सगळे सांगतात. आम्ही नोव्हेंबरात पाच रोपं लावली. फोटो काढले, पाट्या लावल्या. एक बकरीने पहिल्याच आठवड्यात खाल्लं, तीन मार्चपर्यंत गेली, पाचवं मे महिन्यात. दर वेळी धाकटी पाटी उपटून घरी आणायची. पाचवी पाटी आणली तेव्हा मी ठरवलं, हे पुन्हा नाही.

आता असं करतो. वाढदिवसाला फक्त जागा निवडायची आणि तिथे तिच्या हाताने दगड ठेवायचा. मे महिन्यात दीड-दोन फुटांचा खड्डा करून उन्हात तापू द्यायचा. माती आणि शेणखत भरून ठेवायचं. दोन-तीन दमदार पाऊस झाले की जून अखेरीस किंवा जुलैत रोप लावायचं आणि त्याच दिवशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण करायचं, दुसऱ्या दिवशी नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी शेजारी तळाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घातलेलं मडकं गाडायचं. चार दिवसांनी भरलं तरी पुरतं, आणि मडक्यात वाकून बघणं लेकरांना झाडापेक्षा जास्त आवडतं.

रोपं वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून घ्या, वनमहोत्सवाच्या दिवसांत सवलतीत मिळतात. मोह, आवळा, चार (चारोळीचं झाड), बेहडा, कडुनिंब. पाखरंच बोलवायची असतील तर उंबर, पण घराच्या भिंतीपासून लांब. सुबाभूळ आणि निलगिरी कोणी फुकट देत असेल तरी नको.

बियांचे गोळे करायचे असतील तर तेही पावसाच्या तोंडावरच. निंबोळी आणि मोहाचं बी ताजंच रुजतं, हिवाळ्यापर्यंत ठेवलेलं बहुतेक वाया जातं.

१०. भेटी

पाहुण्या लेकरांना भिंग आणि वही हीच परतभेट. घरी आल्यावर ते भिंग आठवडाभर खिशात फिरतं, एवढं मी बघितलंय.

घेऊ नयेत अशा भेटींबद्दल आधीच सांगून ठेवा, कारण माणसं प्रेमाने घोळ घालतात. पाखरं आवडतात ना, म्हणून नात्यातल्या एका काकांनी आम्हाला पिंजऱ्यासकट पोपटाचं पिल्लू आणलं होतं. आपल्याकडचे पोपट, कासवं, साळुंक्या पाळणं किंवा विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे काकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला, धाकटी रडली आणि वाढदिवसाची संध्याकाळ वनविभागाच्या कार्यालयात पिंजरा घेऊन गेली. गलोलही नको. फुगे हवेत सोडायला नको, ते शेवटी कोणाच्या तरी गाईच्या पोटात जातात.

११. आवरताना

आलो तेवढी लेकरं मोजा, मग भिंगं मोजा. पोतं घेऊन सगळ्यांनी एक फेरी मारा. आधीच्या कोणाच्या पार्टीचाही कचरा निघेल, तोही उचला. लेकरांना तेच काम सर्वांत आवडतं, कारण त्यात खजिना निघतो.

घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कानामागे, काखेत, कंबरेच्या नाडीखाली गोचीड किंवा चाव्याचा काळा डाग आहे का ते बघा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर "गवतात खेळलं होतं" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि कपडे भिजत घालण्याआधी खिसे उलटे करा. आमच्या बादलीत साबणाच्या फेसातून एक गोगलगाय काठावर चढत आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, आणि बॅटरी घेऊन तिला तलावावर सोडून यायला अख्खं घर गेलं.